लागला त मांगीन

चैत्रातल्या एका सोमवारी सकाळी माझे वडील तलावाच्या पाळीवर गेले. नऊ वाजता दोन माणसांनी त्यांना खाटेवर घालून घरी आणलं. तेराव्या दिवशी मी त्यांचं बी रांधलं.

तिसरं वाक्य समजावून सांगायला मला पुढची सगळी पानं लागणार आहेत.

आमचं गाव सौंदडजवळचं. मी गोंदियाला एका शाळेत मराठी शिकवते. शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडे आहे, म्हणजे दोन कपाटं आणि एक किल्ली. शनिवारची शाळा सुटली की मी गाडीत बसायची, सौंदडला उतरायची, रविवार बाबांकडे काढायची आणि सोमवारी पहिल्या गाडीने परतायची. आई मी कॉलेजात असतानाच गेली. भावंडं नाहीत. घरात बाबा, आणि दिवसभर मावशी. मावशी नात्याची नव्हे. आमच्या रोवणीच्या, म्हणजे धान लावणाऱ्या, बायांची ती म्होरकी, आणि बाबांचे गुडघे धरले तेव्हापासून त्यांच्या भाजीभाताचंही तीच बघायची.

बाबा विकण्यासाठी इतरांसारखाच बाजारातल्या बियाण्याचा धान लावत. पण तलावाच्या मोरीखालची, म्हणजे पाणी सोडतात त्या तोंडाखालची, एक बांधी, धानाचा एक तुकडा, त्यांनी कधी त्या धानाला दिली नाही. तिच्यात पिढ्यांपासूनचा आमचा एक धान होता. बाजारात त्याला नाव नव्हतं. आम्ही त्याला नुसतं ‘घरचा’ म्हणायचो. तो छातीइतका वाढायचा, दसऱ्याच्या सुमारास निसवायचा, म्हणजे लोंब्या बाहेर टाकायचा, आणि निसवला की आठ-दहा दिवस त्याचा वास पाळीवर उभ्या असलेल्या माणसालाही यायचा. शिजलेल्या भातालाही तोच वास. मात्र पोत्यात भरलेला घरचा धान आणि बाजारातला कोणताही बारीक धान शेजारी ठेवले तर माझ्यासारखीला फरक कळत नसे. दाणा दिसायला साधाच होता.

हे बी एकाच घरी ठेवायचं नाही, अशी रीत होती. आजोबांनी इटियाडोहच्या कालव्याखालच्या एका गावातल्या घराशी ती बांधली होती. तिथले माझ्या वडिलांच्या वयाचे गृहस्थ म्हणजे माझे काका. हेही नात्याचे नव्हेत. त्यांच्या घरचा एक लाल, जाडा धान होता, बांधीत आठ दिवस पाणी साचलं तरी न सडणारा. आमच्या घरच्या धानाचं बी त्यांच्याकडे आणि त्यांच्या लाल धानाचं बी आमच्याकडे. नुसतं ठेवून चालत नाही, कारण बी दोन वर्षं पेरलं नाही की त्याचा भरवसा उरत नाही. म्हणून दर साली दोघांनीही दुसऱ्याच्या धानासाठी एक बांधी सोडायची. आमचा तलाव आटला तर त्यांच्या कालव्यावर आमचं बी जगेल, आणि त्यांच्याकडे पाणी चढलं तर आमच्या तलावाखाली त्यांचं.

दर पौषात दोघं एकमेकांना त्या बांधीतले मूठभर तांदूळ पाठवत, आणि तेव्हा दोन वाक्यं बोलली जात. एक म्हणे, “तुह्याकडं राहू दे. लागला त मांगीन.” दुसरा म्हणे, “मांगजो.” लहानपणी मला ती मंगलाष्टकातल्या ओळींइतकी पाठ होती.

दुसऱ्याचं बी बाबा स्वतःच्या बियापेक्षा जास्त जपत. काकांचा लाल धान मडक्यात, तोंड शेणामातीने लिंपलेलं, आतल्या खोलीत शिंक्यावर. आणि आमचा घरचा? तो ओसरीवर, इतर पोत्यांच्या रांगेत, एका साध्या पोत्यात, वर कडुलिंबाची पानं टाकून. “आपला काय, आपल्याच डोळ्यापुढं आहे,” म्हणायचे.

बाबा जायच्या चार वर्षं आधी त्यांना एक ताप आला. तापातून ते उठले, पण वास गेला. डॉक्टर म्हणाले, काही महिन्यांत परत येईल. आला नाही. त्या वर्षी दसऱ्याला ते मोरीखालच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहिले आणि मावशीला विचारलं, “येते का?”

“येऊन राहिला ना. पुरा धुरा महकून राहिला.”

“मंग झालं,” ते म्हणाले आणि घरी आले.

त्याआधी दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास ते बसने काकांच्या गावी जायचे, आमचा धान तिथे कसा निसवला ते बघायला. बघायला म्हणजे हुंगायला. आता गुडघेही नव्हते आणि नाकही नव्हतं. म्हणून ते काकांना फोन करत. फोन माझा असायचा. मी तो आवाज मोठा करून त्यांच्यासमोर धरायची.

“काय म्हनते आपला?”

“निसवला भाऊ, निसवला,” पलीकडून काका म्हणत. “काल पाहुने आले होते, विचारत होते, काका, अत्तर सांडलं का बांधीत?”

बाबा हसत. चार वर्षं मी हा फोन धरला. चारही वर्षं काकांनी काही ना काही गंमत सांगितली. अत्तराची गंमत दुसऱ्या वर्षाची.

त्याच सुमाराला आम्ही काही शिक्षक मिळून शाळेच्या मुलांसाठी एक शब्दसंग्रह करत होतो. पुस्तकातलं क्रियापद, त्याचा अर्थ, दोन-तीन वाक्यांत उपयोग, आणि आपल्या बोलीत त्या जागी काय म्हणतात ते. माझ्या वाट्याला आलेल्या यादीत ‘परत मिळवणे’ होतं. मी पुस्तकं चाळून उदाहरणं काढली. राजाने गेलेलं राज्य परत मिळवलं. संघाने पहिलं स्थान परत मिळवलं. तिने सर्वांचा विश्वास परत मिळवला. एका रविवारी ती बाबांना वाचून दाखवली. ते ओसरीवर धानाच्या पोत्याला टेकून बसले होते.

“काऊन वो मास्तरीनबाई,” ते म्हणाले, “राज्य नाही गेलं ज्याचं, त्यानं काय म्हनायचं?”

“काय म्हणायचं? तुम्ही सांगा.”

“माहा धान तुह्या काकाकडं आहे. मले लागला त मी काय तलवार घेऊन जाईन का? जाईन, चहा पिईन, मांगून घेईन.”

“म्हणजे ‘मागून घेणे’.”

“मांगून घेने. लिहून ठेव. तुह्या पुस्तकात मांगायचं नावच नाही, सारे हिसकूनच राहिले.”

मी पेन्सिलने समासात लिहिलं: मागून घेणे. त्यापुढे उदाहरणाची जागा मोकळी सोडली. चांगलं वाक्य सुचलं की लिहू, असं ठरवलं.

ते गेले त्या सोमवारी मी गाडीत होते. गोंदियाच्या फलाटावर उतरले तेव्हा फोन वाजला. दुसऱ्या फलाटावर परतीची गाडी उभी होती.

तेरवीच्या जेवणाला गाव येणार होतं. माझ्या चुलत्यांनी हिशेब करून सांगितलं की घरातला तांदूळ पुरणार नाही, आणखी तीन पोती धान दळायला, म्हणजे राइस मिलवर न्यायला लागेल. मी ओसरीवर गेले. शेवटची तीन पोती उरली होती. मी तिन्हींकडे बोट दाखवलं. एकाचं तोंड सोडलं तेव्हा कडुलिंबाची पानं दिसली. किडीसाठी टाकली असतील असं मला वाटलं. आमच्या ग्रंथालयातही मी तीच टाकते. बियाचं पोतं कोणतं हे बाबांनी मला कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या घरात ते सांगायची गोष्टच नव्हती. ज्याला धानाचं कळतं तो पानं बघून ओळखतो. मावशी त्या वेळी बायांना घेऊन मागच्या अंगणात तूर निवडत बसली होती. मी तिला विचारलं नाही. मी घरची, मी कशाला विचारू?

तेराव्या दिवशी सकाळी अंगणात चुलींवर भाताचे गंज, मोठी पातेली, चढले. मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. मावशी भरभर चालत माझ्याकडे आली. तिच्या हातात झारा होता.

“बाई, तिसऱ्या गंजात कोनता तांदूळ टाकला वो?”

“मिलवरून आला तोच. का?”

“हिकडं ये.”

मी गंजाजवळ गेले. वाफ तोंडावर आली. तो वास मी जन्मापासून ओळखत होते आणि त्या क्षणी मला खरोखर असं वाटलं की बाबा कुठेतरी जवळ आहेत. मग मावशीचा चेहरा दिसला.

“ओसरीवरचं लिंबाचं पोतं?” तिने विचारलं.

“हो.”

“सारं?”

“सगळं.”

ती खाली बसली. बाबांच्या देहाजवळ ती जेवढी रडली नव्हती तेवढी तिथे, झारा मांडीवर घेऊन, रडली. नंतर डोळे पुसून उठली आणि म्हणाली, “आता शिजला त वाढा. टाकून कोनाचं भलं?”

पंगतीत काका होते. मी स्वतः त्यांच्या पानात भात वाढला. त्यांनी पहिला घास घेतला, हात तसाच ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, मित्रासाठी रडताहेत. आजही मला वाटतं की ते काही अंशी मित्रासाठीच असेल.

माझी चूक भयंकर होती, पण मी आतून मोडले नाही, कारण रीत होती. ती नेमकी अशाच चुकीसाठी केलेली होती. आमचं बी कालव्याखाली जिवंत होतं. फक्त जायचं आणि मागायचं.

वैशाखात मी काकांकडे गेले. सौंदडहून बस, मग दुसरी बस, मग थोडं पायी. काकांच्या दारात चार वर्षांपूर्वी नव्हतं असं एक पक्कं घर उभं होतं. मुलगा शेती बघत होता, तो शेतावर गेला होता. काकूंनी पाणी दिलं. काका बाजेवर बसून होते. चहा झाला. मी त्यांना सगळं सांगितलं. पोतं, पानं, मिल, गंज. काही झाकलं नाही. शेवटी ते वाक्य म्हणायचं होतं, ते मला नीट म्हणता आलं नाही.

“काका, बाबा म्हणायचे ना, लागला तर... तो लागला. मी मागायला आले.”

काकांनी रिकामा कप बाजेखाली ठेवला.

“सारा रांधला?” त्यांनी विचारलं.

“सगळा.”

“तेरवीत जेवलो तो?”

“हो.”

ते उठले. आत गेले. आत त्यांना जितका वेळ लागला तितका पोतं सोडायला लागत नाही, हे मला आता कळतं. बाहेर आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती, चांगली भरलेली.

“घे बेटा. मोरीखालच्या बांधीले पुरेल.”

मी त्यांच्या पाया पडले. परतीच्या बसमध्ये ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, काय आहे? मी सांगितलं, बाबांचा धान आहे. वहीतली ती मोकळी जागा मला आठवली. वाक्य सापडलं होतं: तिने वडिलांचा धान काकांकडून मागून घेतला. घरी पोचल्यावर मी ते पेनने लिहिलं.

पऱ्हे, म्हणजे रोपांसाठीचं बी, मावशीने टाकले. महिन्याभरात रोवणी झाली. मी शनिवारी आले की आधी बांधीवर जायची, मग घरी. श्रावणात एकदा मावशी धुऱ्यावर उभी राहून बघत होती.

“लय ठेंगना वाटून राहिला वो.”

“पाऊस कमी झाला असेल.”

“बाजूच्या बांधीत कमी नाही झाला अन् हिच्यातच झाला?”

“मावशी, तुमचं आपलं काहीतरी.”

“बरं बाई. तू शिकलेली.”

गणपती बसले त्याच आठवड्यात तिचा फोन आला. एरवी ती मला फोन करत नसे. “निसवला,” ती म्हणाली.

“कोण?”

“तुह्या काकाचा धान. आपला दसऱ्याले निसवते. हा आताच निसवला.”

तेव्हाही मी तिच्यावर चिडले. हवामान बदललं आहे, सगळंच लवकर होतं, असं काहीबाही बोलले. शनिवारी गाडीतून उतरून थेट बांधीवर गेले. कोवळ्या लोंब्या बाहेर आल्या होत्या. मी धुऱ्यावर उकिडवी बसले. लोंबी तोडून नाकाशी धरली, तळहातावर चोळली. गवताचा वास होता. पाण्याचा होता. मी बांधीच्या चारही कडांनी फिरले, पाळीवर चढून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिले. अंधार पडेपर्यंत तिथे होते. मला क्षणभर असंही वाटलं की बाबांसारखा माझाही वास गेला असेल. असं वाटून बरंच वाटलं. मग खालच्या घरातून कुणीतरी फोडणी दिली आणि लसणाचा वास अगदी स्पष्ट आला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पुन्हा त्या दोन बसनी काकांकडे गेले. लोंब्यांची एक जुडी बरोबर नेली. ते त्याच बाजेवर होते. मी जुडी त्यांच्या शेजारी ठेवली.

“काका, हा आमचा धान नाही.”

त्यांनी जुडीला हात लावला नाही.

“नाही,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते नाकारतील. पोत्यात मिसळ झाली असेल, मुलाने चुकून दुसरं बांधलं असेल, असं काही म्हणतील. वाटेत मी त्या प्रत्येकाचं उत्तर तयार केलं होतं.

“आमचा कुठे आहे?”

“नाही आहे. आज चार साल झाले.” मग ते सांगत गेले. “पोरानं उन्हाळी धान टाकनं सुरू केलं. म्हने, बाबा, बांधी रिकामी नाही होत, तुमचा लांब मुदतीचा धान कुठं बसवू? मी म्हनलं, एक साल राहू दे, बी त कोठीत आहे. दुसरंही साल तसंच गेलं, तिसऱ्या साली भांडून बांधी सोडवली. भिजवला. एक कोंब नाही आला. जुना झाला होता.”

“मग बाबांना मागायचं होतं. त्यांच्याकडे होता तेव्हा.”

“मांगायचं होतं.”

“एक पायली मागितली असती तर त्यांनी दोन दिल्या असत्या.”

“देल्या असत्या. म्हनूनच नाही मांगता आला. त्यानं काही म्हनलंच नसतं. हसला असता अन् देला असता.” ते थांबले. “माह्या बापानं ठेवला, मी मारला. हे कसं सांगू त्याले?”

“आणि फोनवर? अत्तर?”

त्यांनी मान खाली घातली. काकू दारात येऊन उभ्या होत्या, त्या आत गेल्या.

“मला काय दिलंत मग?”

“बाजारातला बारीक. तू रडून राहिली होती. तेरवीत जेवलो तो शेवटचा होता, हे मले तवाच समजलं. तुले खाली हात कसा धाडू?”

खाली हात धाडायला हवं होतं, असं मी म्हणाले. निदान आणखी तीन गावं मी वैशाखातच शोधली असती. आता मी ती शोधली आहेत. कुणाकडेच नाही. पण तेव्हा ते माहीत नव्हतं. मी आणखीही बरंच बोलले. माझा आवाज चढला होता. वर्गातही तो कधी चढत नाही. काका ऐकत राहिले. मग त्यांनी मान वर केली. ते रागावलेले नव्हते.

“तुले त माहीत होतं ना, बेटा?”

“मला?”

“मी पुसात तांदूळ धाडत होतो. भाऊले वास नव्हता, तुले त होता. पयल्या साली मी धाडला अन् आठ दिवस झोपलो नाही. मंग भाऊचा फोन आला. म्हने, पोरीनं रांधला, पोरगी म्हनते, मस्त वास येऊन राहिला.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “मले वाटलं, तुले समजलं. समजलं अन् तू मले झाकून घेतलं. दर साली मी मनातल्या मनात तुले हात जोडत होतो.”

मला तो पौष आठवला. स्वयंपाकघर, काकांकडून आलेले तांदूळ, पाटावर बसलेले बाबा. ताप येऊन गेल्याला सात-आठ महिने झाले होते. प्रत्येक जेवणाला ते विचारत, वास येते का. प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव असे, बंद दारापलीकडे कुणी आहे का ते ऐकणाऱ्या माणसाचा. त्या दिवशीही त्यांनी विचारलं. मी भाताकडे वाकलेही नव्हते. वाफ येत होती, वास येत नव्हता. कालव्याचं पाणी वेगळं, माती वेगळी, नाहीतर तांदूळ प्रवासात उघडा राहिला असेल. असं काही मनात आलं असावं. किंवा तेही आलं नसावं. मी म्हणाले, “येतो ना बाबा. मस्त येतो.” त्यांनी घास घेतला, चावला आणि समाधानाने मान हलवली.

मी ‘नाही’ म्हणाले असते तर बाबांनी त्याच संध्याकाळी काकांना फोन लावला असता. काकांना खोटं बोलता आलं नसतं, किंवा आलं असतं तरी बाबा मावशीला घेऊन, गुडघ्यांसकट, बसमध्ये बसले असते. बी पुन्हा दोन घरी झालं असतं. आणि मी रांधलं तरी एका घरी उरलं असतं.

मी काकांना म्हणाले नाही की मला कळलं नव्हतं. म्हणण्यात काही अर्थ नव्हता. बाजेजवळून उठले, चपला घातल्या.

“बेटा,” काका मागून म्हणाले. “माहा लाल धान. भाऊ दर साली टाकत होता. पोरानं तोही बंद केला, आता आमच्याकडं त दाना नाही. आहे का तुह्याकडं?”

मी वळून पाहिलं. आतल्या खोलीतलं शिंक्यावरचं मडकं माझ्या डोळ्यांपुढे होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्याचं म्हणून बाबांनी ते इतकं उंच टांगलं होतं की माझ्या चुकीचा हातही तिथे पोचला नाही. काका उत्तराची वाट बघत होते. मी उत्तर न देता निघाले.

मावशीला मी सगळं सांगितलं, माझं ‘येतो ना बाबा’सुद्धा. ते ऐकताना ती विळ्याला धार लावत राहिली. मग तिने विचारलं, “मंग लाल धान देशीन का त्याले?”

“माहीत नाही. तुम्ही काय केलं असतं?”

“तुह्या बाबानं त देला असता. पोहोचवून देला असता, वरून भाजीही देली असती.”

“आणि तुम्ही?”

“मी? मी त्याच्या दारापुढं चुलीवर रांधला असता. अन् त्यालेच वाढला असता.”

आम्ही दोघीही हसलो. त्या वर्षातलं आमचं ते पहिलं हसणं. नंतर तिनेच मडकं शिंक्यावरून उतरवलं. “देशीन का नाही ते तू पाह्य,” ती म्हणाली. “पन येत्या साली टाकावं लागते. नाही त मरते.”

म्हणून या वर्षी आम्ही मोरीखालच्या बांधीत काकांचा लाल धान लावला. बाबा त्याला नेहमी खालची, पाणथळ बांधी देत. मोरीखालची बांधी आता रिकामी होती, म्हणून तिथे. धान चांगला आला. कापून चुरला, म्हणजे मळला, वाळवला, मडक्यात भरला. तोंड मी स्वतः लिंपलं.

शब्दसंग्रहाची माझी पानं सहकाऱ्यांनी दोनदा मागितली. ‘परत मिळवणे’पाशी मी राजा, संघ आणि विश्वास हीच उदाहरणं ठेवली. समासातला ‘मागून घेणे’ हा बोलीतला शब्दही ठेवला, कारण तो बाबांचा आहे. त्यापुढे पेनने लिहिलेलं माझं वाक्य खोडलं आणि पानं देऊन टाकली.

ओसरीवर घरच्या धानाचं पोतं घडी करून ठेवलेलं आहे. शिंक्यावर काकांचा लाल धान आहे, दोन पायल्या. आहे का, असं त्यांनी विचारलं होतं, मागितलेला नाही. मीही अजून नेऊन दिलेला नाही.